अडीच आण्यांचं मुकल्ला

तिकीट निळं आहे, किंमत अडीच आणे. भिंगाखाली धरलं की आधी समुद्र दिसतो, मग पाण्याला खेटून उभी राहिलेली पांढरी घरं, आणि त्या घरांच्या थेट डोक्यावर उठलेला उघडाबोडका डोंगर. इतका जवळ, की वरून दगड सुटला तर कुणाच्या तरी गच्चीवरच पडावा. नाव लिहिलंय मुकल्ला. देशाच्या जागी एडन. आणि मालकी कुणाची याची शंका उरू नये म्हणून सहाव्या जॉर्जचा चेहरा.

हे मला मिळालं जुन्या बाजारात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा तो बाजार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचं सांगायला नको: पितळी कुलपं, बंद पडलेली घड्याळं, आणि एका कोपऱ्यात नाणी-तिकिटांची प्लास्टिकची पाकिटं. विक्रेत्याने पाकिटावर पेनाने ‘अरबस्तान’ लिहिलं होतं. किती दिले ते सांगणार नाही, कारण घरी वेगळा आकडा सांगितला आहे.

‘अरबस्तान’ चूक नव्हतं. पण घरी येऊन पाहताना नजर त्या आण्यांवर अडली. अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावरचं गाव, राजा लंडनचा, आणि हिशेब आपल्या आण्यांत! या मालिकेतली वरची तिकिटं तर एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची आहेत. रुपया तिथे पोचला कसा, हे शोधायला लागलो आणि दर वळणावर पुणे किंवा दख्खन भेटत गेलं.

एडन ईस्ट इंडिया कंपनीने घेतलं ते १९ जानेवारी १८३९ रोजी. हे घडवून आणणारा कॅप्टन हेन्स हा कंपनीच्या आरमारातला अधिकारी, आणि मोहिमेची फौज मुंबईहून गेलेली. कारण होतं कोळसा. मुंबई ते सुएझ असं वाफेच्या जहाजांचं टपाल सुरू झालं होतं, आणि त्या काळच्या बोटी कोळसा इतका खात की अधेमध्ये भरून घेतल्याशिवाय पल्ला गाठत नसत. एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात वसलेलं, शमसान डोंगराने तीन बाजूंनी वेढलेलं ते बंदर त्यासाठी नेमकं होतं. त्या वस्तीचं नावच पुढे क्रेटर पडलं. कंपनीने एडन मुंबई इलाख्याला जोडून टाकलं.

ही जोडणी १९३२ पर्यंत टिकली. जवळजवळ शतकभर पुण्याचा कलेक्टर आणि एडनचा रेसिडेंट एकाच सरकारला उत्तर देत होते. त्यात आणखी एक गंमत आहे. पावसाळा लागला की मुंबई सरकार पुण्यात मुक्कामाला येई. गव्हर्नरसाहेबांचा गणेशखिंडीतला वाडा म्हणजे आज आपल्या विद्यापीठाची मुख्य इमारत. तेव्हा वर्षातले काही महिने, बाहेर भुरभुर चालू असताना, जिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा गावाचा कारभार गणेशखिंडीतून चाले, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

कारभाराबरोबर टपाल आलं. १८५४ मध्ये हिंदुस्थानभर चालणारी तिकिटं निघाली, तीच एडनच्या पोस्टातही विकली जाऊ लागली. पुढची ८० हून अधिक वर्षं एडनला स्वतःचं तिकीटच नव्हतं. तिथून निघालेल्या पत्रावर राणी व्हिक्टोरियाचं हिंदुस्थानी तिकीट असे, आणि वेगळेपण फक्त शिक्क्यात. जुन्या काळी प्रत्येक पोस्टाला आकडा दिलेला असे, एडनचा १२४. त्यामुळे आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात अर्ध्या आण्याची मळकट तिकिटं सापडली, तर ती ‘साधी आहेत’ म्हणून टाकून देऊ नका. काळ्या आडव्या रेघांच्या मधोमध १२४ दिसला, तर ते तिकीट समुद्र ओलांडून आलेलं आहे. संग्राहक अशा तिकिटांची वेगळी पानं करतात, आणि चेहऱ्यापेक्षा शिक्क्याला जास्त मोजतात.

मधल्या समुद्रावरही पोस्ट होतं. १८६८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत विलायतेच्या टपालबोटींवर सॉर्टिंगची कचेरी चाले. बराच काळ ती मुंबई आणि एडन यांच्यामध्ये असे. विलायतेची डाक एडनला बोटीवर चढली की कारकून हेलकावे खात खात थैल्या फोडत आणि मुंबईला लागेपर्यंत पत्रं गावागावांसाठी लावून तयार ठेवत. बोट लागताच थैल्या थेट आगगाडीत. पुण्याच्या लष्करातल्या एखाद्या साहेबाला आईचं पत्र वेळेत मिळे, ते या मळमळ सोसणाऱ्या कारकुनांमुळे. त्यांची तिकिटं कुणी काढली नाहीत.

याच समुद्रमार्गाने एक पुणेकर एडनला गेला. परतीची वाट नसलेला.

वासुदेव बळवंत फडके मूळचे पनवेलजवळच्या शिरढोणचे. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी, सदाशिव पेठेतल्या नरसिंह मंदिरात बिऱ्हाड, लहुजी वस्तादांकडे तालीम. दुष्काळाने माणसं मरत असताना सरकार वसुली थांबवत नाही हे पाहून त्यांनी १८७९ मध्ये रामोशांना जमवलं, सावकारांवर धाडी घातल्या आणि पुणे हादरवून टाकलं. जुलैमध्ये विजापूरकडे देवर नावडगीला ते पकडले गेले, पाठलाग करणाऱ्यांत मेजर डॅनियल आणि हैदराबादच्या पोलिसांतला अब्दुल हक होते. खटला पुण्यात, संगमाजवळच्या न्यायालयात चालला. वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतलं. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची, आणि पाठवलं एडनला, म्हणजे मुंबई सरकारच्याच दुसऱ्या तुरुंगात. तिथून फडके एकदा दाराच्या बिजागऱ्या उखडून पळाले. पण पळून जाणार कुठे? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला करपलेला डोंगर, पलीकडे वाळवंट. सावलीला एक झाड नाही. थोड्याच वेळात ते पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनमध्येच त्यांचा अंत झाला.

डोंगराच्या पायथ्याचं बंदर चित्रात देखणं दिसतं. कैद्याला तेच बंदर कुठून कसं दिसत असेल, हे त्या चित्रातून कळत नाही.

एडन १ एप्रिल १९३७ रोजी हिंदुस्थानपासून तोडून थेट लंडनच्या ताब्यातली वसाहत केलं गेलं, आणि त्याच दिवशी त्याची स्वतःची पहिली तिकिटं निघाली. सगळ्यांवर एकच चित्र, शिडाचं अरबी गलबत. चलन मात्र रुपया-आणाच राहिलं. बाजारातला रुपया लंडनच्या हुकमाने एका रात्रीत बदलत नाही. माझं निळं तिकीट त्यानंतरच्या मालिकेतलं. ती १९३९ मध्ये बरोबर १९ जानेवारीला काढली, म्हणजे एडन जिंकल्याच्या शंभराव्या वर्षदिनी. क्रेटरमधली ऐदरूसची मशीद, उंटस्वार शिपाई, बंदर, गलबत अशी चित्रं आहेत, आणि काही तिकिटांवर तर १८३९ ची चढाईच काढली आहे. हरलेल्यांनी रोजच्या पत्रावर आपल्याच पराभवाचं चित्र थुंकी लावून चिकटवायचं! साम्राज्याला विनोदबुद्धी नसते, असं मला अशा वेळी वाटतं.

छपाई मात्र अव्वल. ही मालिका लंडनच्या वॉटरलो कंपनीने कोरीव पद्धतीने छापली. ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिकिटावरचा डोंगर तिच्यामुळेच डोंगर वाटतो. कारागीर मऊ पोलादाच्या तुकड्यावर, तिकिटाएवढ्याच आकारात आणि आरशातल्यासारखं उलटं चित्र कोरतो. मग तो तुकडा कडक केला जातो, त्यावर मऊ पोलादाचा रूळ दाबून चित्र उचललं जातं आणि त्या रुळाने मोठ्या पाट्यावर तेच चित्र ओळीने पुन्हा पुन्हा उमटवतात. छापताना शाई सगळ्या पाट्याला फासून पुसून घेतात. ती फक्त चरांमध्ये उरते. कागद जबरदस्त दाबाखाली त्या चरांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून अशा तिकिटावरून बोट हळूच फिरवलं की रेघा हाताला लागतात. त्याच काळात आपल्या नाशिकच्या छापखान्यात निघणाऱ्या बहुतेक तिकिटांवर बोट सरकन घसरतं. १९३१ मध्ये नवी दिल्लीच्या उद्घाटनाला नाशिकने देशाची पहिली चित्रमय तिकिटं छापली, ती शिळाछापाच्या जातीची. वाईट मुळीच नव्हेत, पण त्यांतल्या सावल्या सपाट.

कोरीव कामात राखाडी रंग नसतो. शाई एकच, एकाच गडदपणाची. उन्हातला कडा हवा तर रेघा विरळ, घळीतली सावली हवी तर दाट, त्याहून काळोख हवा तर रेघांवर आडव्या रेघा. घरांच्या भिंती कोऱ्याच सोडायच्या, म्हणजे चुन्याचा पांढरा रंग कागद स्वतःच देतो. मुकल्लाची घरं डोंगरापुढे अशी उठून दिसतात, कारण तिथे कारागिराने जवळजवळ काहीच केलेलं नाही. निळ्या रंगालाही कारण आहे. परदेशी जाणाऱ्या पत्राचं तिकीट निळं असावं, असा जागतिक टपाल संघाचा तेव्हा दंडक होता. कुठल्याही देशातला कारकून लिपी न वाचता रंगावरून समजे की हे परदेशी पत्र आहे आणि दर बरोबर आहे.

आता यातली खोच. मुकल्ला एडनमध्ये नव्हतंच.

ते एडनच्या पूर्वेला किनाऱ्याने शेकडो किलोमीटर दूर, हद्रमौत प्रांताचं बंदर. तिथे कुऐती घराण्याच्या सुलतानाचं राज्य होतं. इंग्रजांचं संरक्षण होतं, सल्लागार होता, पण वसाहत नव्हती. म्हणजे तिकीट म्हणत होतं, गाव एडनचं आणि राजा जॉर्ज, आणि दोन्ही खोटं होतं. तिकिटावर गावाचं चित्र छापणं हा नुसता सजावटीचा प्रश्न नसतो. सातबाऱ्यावर नाव चढवण्यासारखाच तो प्रकार. १९४२ मध्ये अखेर ‘शिहर आणि मुकल्लाचं कुऐती राज्य’ अशा नावाची वेगळी तिकिटं निघाली. जॉर्जच्या जागी सुलतान सालेह बिन गालिब आले. मुकल्लाचं बंदर, शिहरची वेस, शिबामचे मातीचे उंच वाडे ही चित्रं आता त्यांच्या नावाने छापली गेली. एडन हा शब्द मात्र इंग्रजांनी कोपऱ्यातून काढला नाही.

या सुलतानांची दौलत आली कुठून, हे पाहिल्यावर मी भिंग खाली ठेवलं. ती आली हैदराबादहून.

हद्रमौत आणि शेजारचा याफा हा भाग इतका कोरडा, की तिथलं मुख्य पीक माणूस. घरटी एखादा तरी मुलगा परदेशी जाणार, जावा-सिंगापूरला व्यापाराला, पूर्व आफ्रिकेला, किंवा दख्खनला तलवार घेऊन. दख्खनच्या दरबारांना अरब शिपाई हवेच असत. पेशवाईच्या शेवटच्या फौजांत अरब पथकं होती. १ जानेवारी १८१८ ला पुण्याजवळ कोरेगावला पेशव्यांच्या बाजूने लढलेल्यांत अरब पायदळ होतं, आणि त्याच वर्षी पेशवाई बुडाल्यावरही मालेगावचा किल्ला अरबांनी इंग्रजांशी आठवडेच्या आठवडे झुंजवला. पेशवे गेल्यावर अशा लोकांना मोठा आसरा उरला निजामाचा. तिथे अरब पथकाच्या नायकाला जमादार म्हणत. आज त्या शब्दाची पार रया गेली आहे, पण हैदराबादचा जमादार म्हणजे शेकडो बंदुकांचा धनी. शिवाय तो सावकारही असे. दरबाराला, जहागीरदारांना कर्ज द्यायचं, वसुलीसाठी आपलेच शिपाई दारात बसवायचे. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कारभाराचा मोठा वेळ या जमादारांना आवरण्यात गेला.

उमर बिन अवद अल-कुऐती हा असाच एक जमादार. त्याने निजामाच्या चाकरीत अमाप पैसा मिळवला आणि तो मायदेशी किल्ले नि बंदरं घेण्यात ओतायला सुरुवात केली. आधी शिहर हाती आलं, आणि १८८१ मध्ये त्याच्या मुलाच्या काळात मुकल्ला. पुढेही या घराण्याने हैदराबादची जमादारी सोडली नाही. राज्य अरबस्तानात आणि मुक्काम बराचसा हैदराबादेत, ‘नवाज जंग’ हा किताबही निजामाचाच.

निजामाच्या तिजोरीत भर घालणाऱ्या मुलखात तेव्हा मराठवाडाही होता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीडच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातला काही वाटा जमादारांच्या पगारातून आणि व्याजातून वळणावळणाने त्या डोंगराखालच्या बंदरापर्यंत पोचला, हा माझा तर्क; पण तो मला अवास्तव वाटत नाही. उलट दिशेने आलेली माणसं तर अजून इथे आहेत. मराठवाड्यात चाऊस आडनावाचे लोक भेटतात. त्यांचे पूर्वज याच अरब पथकांतून आलेले. बोलणं दख्खनी आणि मराठी, मूळ हद्रमौतच्या कुठल्याशा दरीतलं. हैदराबादेत त्यांच्या छावणीची वस्ती अजून बारकस म्हणून ओळखली जाते. बरॅक्सचं ते दख्खनी रूप.

तिकिटावरचा डोंगर या सगळ्याच्या मुळाशी आहे. आपल्या कोकणात असं चित्र सहसा सापडत नाही. सह्याद्री समुद्रापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आत उभा राहतो आणि मधल्या पट्ट्यात भात, नारळ, खाड्या, गावं मावतात. तो पावसाचे ढग अडवतो, नद्या देतो. मुकल्लामागचा डोंगर थेट पाण्यात पाय सोडून बसला आहे आणि देत काहीच नाही. वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरही नाही. त्याच्या नि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत शेती अशक्य, म्हणून तोंड समुद्राकडे: मासे, गलबतं, आणि वाऱ्याची दिशा बदलली की सुटणारी माणसं. नैर्ऋत्येकडून येणारा जो मोसमी वारा आपल्याकडे पाऊस आणतो, तोच त्यांची शिडं आपल्या किनाऱ्याकडे ढकलत असे.

आण्यांचं राज्य १९५१ मध्ये संपलं. एडनने पूर्व आफ्रिकेचा शिलिंग घेतला आणि जुन्या तिकिटांवर नव्या किमती छापून ती वापरून संपवली. आपल्याकडे आणा गेला १९५७ मध्ये, म्हणजे त्यांच्यानंतर. साठच्या दशकात कुऐतींच्या नावाने तिकिटांचा पूर आला. चर्चिल, केनेडी, फुटबॉलचा विश्वचषक. ती मुकल्लाच्या पत्रांसाठी नव्हती, जगभरच्या पोरांच्या अल्बमसाठी होती. परदेशी दलाल ती गठ्ठ्यांनी विकत. माझ्या पिढीतल्या अनेकांच्या शाळकरी वहीत ती रंगीत चकचकीत तिकिटं आहेत. त्यांच्यावर गावाचं चित्र नाही, त्यामुळे गाव कुठे आहे हे शोधायची बुद्धी आम्हाला झाली नाही. १९६७ मध्ये सुलतानाचं राज्य गेलं, त्याच वर्षी इंग्रजही एडन सोडून गेले.

एक गोष्ट मात्र एडनहून निघून पुणे जिल्ह्यात येऊन राहिली आहे. एडनमध्ये पारशी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती होती, कावसजी दिनशॉ हे त्यांतलं सर्वांत मोठं घराणं. तिथली अग्यारी ओस पडू लागली, तेव्हा १९७६ मध्ये तिच्यातला पवित्र अग्नी विझू न देता विमानाने हिंदुस्थानात आणला गेला. तो आता लोणावळ्याला तेवतो आहे. चिक्की घेऊन परत फिरणाऱ्या पुणेकरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं. मलाही या तिकिटाच्या मागे लागेपर्यंत नव्हतं.

फडक्यांचं तिकीट आपल्या टपाल खात्याने १९८४ मध्ये काढलं, ५० पैशांचं. त्यावर त्यांचा चेहरा आहे, एडन नाही. त्याच वर्षी किल्ल्यांची मालिका निघाली, तिच्यात सिंहगडाला दीड रुपयाचा मान मिळाला. माझ्या अल्बमच्या नव्या पानावर मी आता तिन्ही तिकिटं लावली आहेत: वर मुकल्ला, खाली फडके, बाजूला सिंहगड. प्रदर्शनं भरवणाऱ्या एका जाणत्या संग्राहक मित्राला पान दाखवलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ‘‘हे कुठल्या वर्गात घालणार? देशवार, टपाल-इतिहास की विषयवार?’’ मी म्हटलं, ठरलं नाही. ‘‘मग परीक्षक गुण कापतील,’’ असं म्हणून त्याने भिंग मागून घेतलं, आणि बराच वेळ त्या डोंगराच्या रेघा मोजत बसला.